पायाखालचा पाय

मला घाणीचा फार तिटकारा आहे. गॅरेजवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, लोक हसतात, पण माझ्या मते ऑइल आणि ग्रीस ही घाण नव्हेच. हात धुतले की ती जाते. घाण म्हणजे माणसाच्या अंगातून निघते ती. पू, लाळ, ओकारी, सडलेलं मांस. माझ्या दारात कुणी पानाची पिंक टाकली तर त्याच्या गाडीला मी हात लावत नाही. आमच्या भागातले स्पेअर पार्टवाले मला 'सोवळ्यातले झुंबरशेठ' म्हणून चिडवतात आणि मी त्यांना चिडवू देतो. तर अशा माणसाच्याच वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं?

रविवारी सकाळी संजनाचा फोन आला. संजना ही कोंडाजी नानांची एकुलती एक मुलगी. सुरगाण्याकडे, घाटापलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे आणि रोज नाशिकहून जाऊन-येऊन करते. नाना एसटीत ड्रायव्हर होते. उभी नोकरी त्यांनी त्याच घाटात काढली. आमची गावं शेजारची, म्हणून ती मला काका म्हणते. फोनवर तिने एवढंच सांगितलं की गाडी चालू होत नाही, ब्रेक दगडासारखा झालाय, आणि उद्या ड्यूटीवर जायचंच आहे. मी म्हटलं, चहा टाक, आलोच.

हा दोष काही जगावेगळा नाही. तुमच्याकडे बटनाची गाडी असेल तर तुम्हीही कधी ना कधी अनुभवला असेल. बिनक्लचची गाडी ब्रेक पुरेसा दाबल्याशिवाय चालूच होत नाही. आणि इंजिन बंद असताना कुणी ब्रेक उगाच दाबत बसलं की तो कडक होतो. ब्रेक हलका करायला पुढे एक पत्र्याचा गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन चालू असताना त्यात हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, भरते. ती संपली की पेडल घट्ट. मग दोन्ही पाय लावून जोर करायचा आणि बटन मारायचं. इंजिन लागलं की पेडल आपसूक बोटभर खाली बसतं. बसलं तर डबा चांगला. नाही बसलं तर डबा तरी गेला, नाहीतर त्याची नळी. डोळे झाकून करावं असं काम.

गंगापूर रोडच्या आत, कॉलनीत त्यांचं घर. पोचलो तेव्हा नाना पोर्चमध्ये खुर्चीत बसले होते. साखरेने त्यांचा उजवा पाय नेला होता. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल सडत गेलं, आणि शेवटी डॉक्टरांनी तो घोट्याच्या वर कापला. दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा पाय अजून होता. त्या खोलीतला वास मी घरी घेऊन आलो होतो, शर्ट दोनदा धुतला तरी जाईना. भेटायला येणारा प्रत्येक जण दारात एकदा श्वास भरून घ्यायचा आणि बाहेर पडून सोडायचा. नानांना ते कळत होतं. एवढा नावाजलेला ड्रायव्हर, पण कुणी आलं की चादर पायावर ओढून घ्यायचा.

आता लुंगीखाली नुसता खुंट होता, स्वच्छ बांधलेला, आणि नाना हसून बोलत होते. मी बरं आहे ना विचारलं आणि गाडीचं दार उघडलं. तोच वास आला.

पिकून फुटलेल्या पेरूचा गोडूस वास, आणि त्याच्या खाली दुसरा, दवाखान्यातला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. संजनाने खालच्या मॅट बदलल्या होत्या, कापूर ठेवला होता, गाडी दोनदा धुऊन घेतली होती. ती म्हणाली, "वास पेडलकडून येतो, काका. उंदीर मेला असेल." मी रुमाल नाकाला बांधला आणि बसलो.

ब्रेकवर पाय ठेवला. खरंच कडक होता. पण लोखंड अडतं तेव्हा पायाला कोरडं, ठाम लागतं. हे तसं नव्हतं. वरून किंचित मऊ आणि आत कठीण, मांस दाबल्यावर हाड लागावं तसं. मी दोन्ही पाय लावले, पाठ सीटला रेटली आणि बटन दाबलं. इंजिन लागलं. पेडल आता खाली बसायला हवं होतं. ते वर आलं. माझे दोन्ही बूट सावकाश वर उचलले गेले, आणि पँटच्या खालून घोट्यांवर गरम, ओलसर हवेचा एक झोत आला.

बूस्टर हवा आत ओढतो. बाहेर सोडत नाही. सोडायला त्याच्याकडे काही नसतंच. मी पाय पटकन मागे घेतले, आणि त्याच वेळी पोर्चमधून नाना कळवळून म्हणाले, "हळू रे झुंबर... तळव्याला लागतंय."

संजनाने मला समजावून सांगितलं की असं होतं. कापलेला अवयव आहे असंच माणसाला वाटत राहतं, खाज सुटते, कळा येतात, हळूहळू जातं. नर्स आहे ती, तिला ठाऊक. मी मान हलवली. चहा मात्र मी तसाच ठेवून उठलो. गाडी मी हँडब्रेकच्या भरवशावर, गोगलगायीच्या चालीने गॅरेजला आणली, आणि येताना सगळ्या काचा खाली ठेवल्या.

गॅरेजमध्ये नळी तपासली, ठीक होती. तिचा वॉल्व्हही ठीक. मग बूस्टरच खोलला. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे पेडलची दांडी आत शिरते, तिथे स्पंजची एक चकती असते. ती कोरडी असते, फार तर धुळीने काळी झालेली. ही ओली होती. पिवळट, चिकट, आणि वर दुधावरच्या सायीसारखी पातळ कातडी धरलेली. मी स्क्रू ड्रायव्हरने ती उचलली तर तिची तार लांब होत आली, तुटेना. कातडीला बारीक भोकं होती आणि एका भोकातून केस उगवला होता. मी मागच्या मोरीवर जाऊन ओकलो. हात साबणाने धुतले, रॉकेलने धुतले, परत साबणाने धुतले. दुपारी भाकरीचा घास तोंडापाशी नेला तर बोटांना तो पेरूचा वास. भाकरी तशीच कुत्र्याला घातली. कुत्र्यानेही हुंगून सोडून दिली.

बूस्टरचा डबा कापून पाहिला. आतला रबरी पडदा कोरडा, अखंड, नवा वाटावा असा. म्हणजे दोष त्याच्यात नव्हताच. तरी मी नवा बूस्टर आणून बसवला, कारण मेकॅनिकला दुसरं काय सुचणार? बसवून पेडल दाबून बघत होतो, तेवढ्यात संजनाचा फोन.

"काका, आत्ता तुम्ही ब्रेक दाबला का?"

मी म्हटलं, हो, का?

 ती म्हणाली की नाना झोपले होते, एकदम ओरडून उठले. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, योगायोग असतो. "मग परत दाबा," ती म्हणाली. "मी त्यांच्यापाशीच आहे." मला दाबायचं नव्हतं. पण तिचा आवाज नर्सचा होता, इंजेक्शनला हात पुढे करा म्हणतात तसला, म्हणून दाबला. फोनमध्ये नाना कण्हले. मी सोडला, कण्हणं थांबलं. मी मुद्दाम थोडं थांबून, तिला काही न सांगता पुन्हा दाबला. नाना पुन्हा कण्हले. माझ्या पायाखाली ते मऊ-कठीण काहीतरी अंग चोरून मागे सरकलं आणि पेडल एकदम सुटून खाली गेलं. त्यानंतर ब्रेक लोण्यासारखा लागला. कितीदा दाबला तरी फोनमध्ये काही नाही, पायालाही काही नाही.

मी गाडी परत नेऊन दिली. संजनाला सांगितलं की माझं मन घेत नाही, काही दिवस एसटीने जा. ती म्हणाली, तिकडच्या पाड्यांवर बाया बाळंतपणात अडतात त्या एसटीची वेळ बघून अडत नाहीत. तिचंही बरोबर होतं. आणि मी तरी काय सांगणार होतो? मेकॅनिकने गिऱ्हाइकाला सांगायचं की तुझ्या ब्रेकखाली कोणाचा तरी पाय आहे?

सोमवारी संध्याकाळी मला गॅरेजात बसवेना. तिच्या परतीच्या सुमाराला मी नानांकडे गेलो. ऊन कलायला आलं होतं. नाना घाटातल्या जुन्या गमती सांगत होते, मी हूं हूं करत होतो. बोलता बोलता ते थांबले. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले आणि डोळे पांढरे केले. लुंगीखालचा खुंट ताठ झाला. लगेच माझा फोन वाजला.

"काका... ब्रेक जात नाहीये." मागे वाऱ्याचा आवाज होता. "उतरणीवर आहे. खालच्या गिअरला टाकलीय. हँडब्रेकने वास येतोय जळका... काका, कोणीतरी खालून पाय लावलाय."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि नानांसमोर गुडघ्यावर बसलो. माझ्या तोंडून काय निघालं ते आठवलं की आजही माझं मलाच नवल वाटतं.

"नाना, पाय उचला."

"कुठला पाय..."

"उजवा. जो नाही तो. उचला."

नानांनी खाली पाहिलं. मग दोन्ही हात खुंटाच्या खाली, रिकाम्या हवेत नेले, बोटं गुंफली, आणि जड पोतं उचलावं तसं ते 'काहीतरी' वर घेतलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. कपाळावर घाम आला. त्या हातांत काहीच नव्हतं, पण मनगटं वजनाने थरथरत होती, आणि मला तो वास आला, इतका जवळून की मी तोंड फिरवलं. नानांनी ते पाहिलं. फोनमध्ये टायर घासल्याचा लांब आवाज झाला, मग काही नाही, मग संजना हुंदका गिळून म्हणाली, "थांबली."

मी माझी व्हॅन घेऊन तिला आणायला गेलो. गाडी कठड्याला टेकून उभी होती. ती आम्ही तिथेच, रस्त्याच्या कडेला, चाकांना दगड लावून सोडली. परतताना मी तिला विचारलं की नानांचा पाय कापल्यावर त्याचं काय केलं. तिने सांगितलं ते असं.

आमच्याकडे जिवंत माणसाचा तुटलेला अवयव जाळत नाहीत. जाळला तर माणूस तेवढा आधीच गेला असं होतं. तो त्याच्याच शेताच्या बांधाला पुरायचा, मीठ टाकून. आणि पाय असला तर त्याच्यात त्याचीच चप्पल घालून. चप्पल घातली की पायाचं दुखणं मिटतं, तो सुखात राहतो, असं जुनी माणसं म्हणतात. दवाखान्यात लिहून देऊन घरच्यांनी पाय मागून घेतला होता. पोटच्या लेकराने त्याला हात लावायचा नसतो, म्हणून नानांचा पुतण्या राकेश याच गाडीतून तो गावाकडे घेऊन गेला. सोबत नानांची उजवी चप्पल दिली होती. रात्री त्याने सगळं नीट झालं म्हणून कळवलं.

"त्या दिवशी नाना गुंगीत होते," संजना म्हणाली. "तरी एकदा ओरडले. पाय काढ, पाय काढ, म्हणत होते. मला वाटलं, ऑपरेशनचं बोलतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही व्हॅनने राकेशकडे गेलो. वाटेत कडेची ती गाडी लागली. संजनाने डिकी उघडायला लावली. स्टेपनीच्या खड्ड्यात, जॅकच्या शेजारी, नानांची चप्पल पडलेली होती.

राकेश शेतावर होता. चप्पल पाहिली आणि तो बांधावर खालीच बसला. आडदांड गडी, बैल आवरणारा, पण मान वर करेना. मी त्याला दरडावून विचारणार होतो, पण गरज पडली नाही.

"पिशवी म्या शेजारच्या सीटखाली ठिवली होती, झुंबरभाऊ. घाटात कापड सुटलं. तो... घरंगळला. ब्रेकच्या खाली जाऊन बसला. फुडं वळण आलं, म्या दाबतोय तर ब्रेक जाईना."

"मग?"

"मंग काय... दोन्ही पायांनी दाबला."

"त्याच्यावर?"

"खाली दरी होती. काय करू? कचकन आवाज झाला. पाणी निघालं त्याच्यातून, माझ्या पायावर आलं. लय घाण वास. मंग मला हात लावंनाच. चप्पल कुठली घालतोय... तसाच लोटला खड्ड्यात."

 संजनाने चप्पल माझ्या हातात दिली. मी राकेशकडे पाहिलं, त्याने मान नकारार्थी हलवली. संजनाला तर पायाला हात लावता येत नव्हता. उरलो मी. जगात इतकी माणसं, आणि नेमका सोवळ्यातला झुंबरशेठ.

राकेशने खड्डा उकरला. वरची माती भुसभुशीत होती, खाली मिठाचा कडक पापड झालेला. तो फोडला तसा वास वर आला आणि राकेश फावडं टाकून पळाला. मी नाकाला रुमाल बांधला, वर दुसरा बांधला, आणि खाली वाकलो. एवढ्या दिवसांत त्याचं काहीतरी व्हायला हवं होतं. मिठाने वाळायला हवा होता, नाहीतर किड्यांनी खायला. तसं काही नव्हतं. अंगठा काळा होता, बाकी पाऊल फुगलेलं, पांढुरकं, ओलं. कापलेल्या बाजूने पिवळं पाणी पाझरत होतं आणि मिठात जिरत होतं. आणि तळव्यावर पेडलच्या रबराच्या आडव्या रेघा उमटल्या होत्या. राकेशने दाबला त्याचा ठसा असेल, तर तो एकच असायला हवा. इथे एकावर एक कितीतरी ठसे होते, काही जुने, जांभळे पडलेले, काही ताजे, लाल, त्यांत रक्त साकळलेलं. त्यातले दोन शेजारी शेजारी होते. मी दोन्ही बूट लावून जोर केला होता, ते मला आठवलं.

त्या क्षणी मला किळस तर आलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके दिवस आम्ही त्या म्हाताऱ्याच्या दुखऱ्या तळव्यावर उभे होतो आणि वर गाडीचा दोष शोधत होतो.

मी श्वास कोंडला, डाव्या हाताने घोट्याच्या वर धरलं. बोटं आत रुतली. गार असेल असं वाटलं होतं, तर ते कोमट होतं. उजव्या हाताने चप्पल पुढे केली. पाऊल सुजलेलं, जाईल की नाही शंका होती, मी जोर करायच्या बेतात होतो, तेवढ्यात अंगठा आणि शेजारचं बोट आपसूक फाकलं. घरात कुणी म्हाताऱ्याच्या पायात चप्पल सरकवावी आणि त्याने पाय पुढे करावा, अगदी तसं. चप्पल बसली. मी मीठ टाकलं, माती लोटली, हातांनीच दाबली, आणि तिथून चालत विहिरीपर्यंत जाऊन पंप चालू करायला लावला. कातडी सोलवटेपर्यंत हात घासले.

संजनाने तिथूनच नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "बरं वाटलं गं. पाय मोकळा झाला." इतका वेळ दगडासारखी उभी असलेली संजना तेव्हा बांधावर बसून रडली. मलाही भरून आलं, पण हात ओले होते, डोळे पुसता येईनात.

मग सगळं सुरळीत झालं, आणि हे मी मुद्दाम सांगतो. गाडी मी स्वतः गॅरेजला आणली, चाकं खोलून तपासली. इंजिन बंद ठेवून ब्रेक कडक केला, पायाखाली धरला, बटन मारलं. पेडल बोटभर खाली बसलं, पुस्तकात लिहिलेलं असतं तसं. वास गेला. माझ्या बोटांचाही गेला. मी पोटभर जेवायला लागलो. नाना रात्रीची गोळी न घेता झोपायला लागले. संजना रोज घाट ओलांडून जाते आणि येते. तिच्या यायच्या वेळेला नानांपाशी जाऊन बसायची मला मात्र सवय लागली. आजही तसाच आलोय. दिवे गेलेत कॉलनीतले, म्हणून ही चिमणी लावून ठेवलीय, आणि तुम्हीही, कॉलनीत नवे असून, शेजारधर्म म्हणून आलात, बरं केलंत. एकट्याने बसवेनासं झालं होतं. बोलतोय तेही एवढ्यासाठीच.

संजना उपकेंद्रातून निघाल्याचा फोन मघाशी येऊन गेला. आता ती माथ्यावरून इकडच्या उतरणीला लागली असेल. तुम्ही यायच्या थोडं आधी मी नानांकडे पाहिलं. डोळे मिटून बसले होते, आत्ता बसलेत तसेच. चेहरा शांत. मला वाटलं, डुलकी लागली. मग लुंगीकडे लक्ष गेलं. खुंट हलत होता. कळ आल्यासारखा नाही, झटक्याने नाही. किंचित पुढे दाबला जायचा, सुटायचा, मग थोडा उजवीकडे सरकायचा आणि तिथे दाबला जायचा. परत डावीकडे. परत उजवीकडे. ते काय आहे हे कळायला मेकॅनिक असायला नको. बिनक्लचच्या गाडीत डावीकडे ब्रेक असतो, आणि उजवीकडे गाडी पळवायचं पेडल.

मी हळूच म्हटलं, "नाना... पाय उचला."

"कशाला? आता दुखत नाही तो."

बोलताना त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान थोडी झुकली, वळण आलं की झुकते तशी. मी त्यांच्या लुंगीकडे हात नेला आणि मागे घेतला. माझ्याच्याने होईना. वर उचलायला आता हवेत काही दुखरं, जड राहिलेलंच नव्हतं, आणि असलं तरी ते माझं ऐकणार नव्हतं. मग मी संजनाला फोन लावला. रिंग गेली, गेली, तुटली. परत लावला. रिंग जात होती, आणि नाना खुर्चीतून, शांतपणे, पोरासोरांना समजवावं तसे म्हणाले,

"गाडी चालवताना मी फोन घेत नाही, झुंबर."

तेव्हापासून हा फोन असाच लावतोय. हा बघा, आत्ताही रिंग जातेय. चिमणी जरा इकडे करा. नाही, चेहऱ्यावर नको, खाली धरा. मघापासून तो खुंट डावीकडे आलेलाच नाही.